वाटीत झाकून ठेवलेलं दूध

अहो आई,

मी दुसऱ्या केमोला निघाले आहे, संध्याकाळी येईन. काल मी काढलेलं दूध तुम्ही वाटीत झाकून फ्रीजमध्ये ठेवलं होतंत, ते आत्ता ओतून दिलं. ओतताना मलाही बघवलं नाही. “आईचं दूध टाकू नये गं, उकळून पाजते,” म्हणालात. पण उकळून जंतू मरतात, औषध जात नाही. माझ्या शिरेत सोडलेलं औषध रक्तातून दुधात उतरतं, आणि जुई जेमतेम चार महिन्यांची आहे. तिला डब्याचंच दूध द्या.

ती कितीही रडली तरी फोनवर मला ऐकवू नका. तिचं रडणं कानावर पडलं, की मला अजून पान्हा फुटतो.

प्रियदर्शनी