निळखेड्याची टपालवही

३ जुलै, बुधवार
निळखेड्याचा रहीम शिंपी दुपारी आला. येथील शहागंजच्या बाजारातून दोरे-अस्तर घेऊन परतताना तो आमच्या ओट्यावर पाच मिनिटे टेकतो. आज उंबऱ्याच्या आत आला. हाती एक फोडलेले पाकीट. मुलगी जुबेदा सातवी पास. अध्यापिका विद्यालयाने मुलाखतीस बोलावले होते. मुलाखत सोमवारी झाली. पत्र मंगळवारी घरी आले. पाकिटावर बिडकीनचा शिक्का मात्र नऊ दिवसांपूर्वीचा.
"सरजी, औंदा हुकलं तर हुकलंच. पुढल्या साली वय बसत नाय पोरीचं."
बिडकीनहून निळखेडा अडीच कोस. मध्ये नदी. पूल नाही.
पोलीस ॲक्शननंतर त्या गावी पहिली सभा झाली, तेव्हा पुलाचे वचन दिले गेले. व्यासपीठावर मीही होतो. टाळ्या वाजवल्या होत्या.

६ जुलै, शनिवार
विद्यालयाच्या मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. बाई न्यायी. ऑगस्टच्या मध्यास दुसरी यादी लागेल; पत्र वाटेत अडल्याचा सरकारी दाखला आणल्यास मुलाखत पुन्हा घेतील. अट वाजवी आहे.

९ जुलै, मंगळवार
टपाल कचेरीने दाखला नाकारला. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "पत्र त्याच दिवशी गावात पोहोचल्याची नोंद आहे." नोंदीस आधार काय, हे मी विचारावयास हवे होते. संतापाने विचारले नाही. चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाकडून ही चूक.
रात्री द.रावांस पत्र लिहिले. द.राव म्हणजे दत्ताराव, माझा जुना विद्यार्थी. सध्या विरोधी बाकावरील आमदार. विधानसभेत तारांकित प्रश्न विचारावा असे सुचवले, मसुदाही जोडला: निळखेड्याच्या नदीवर पूल नसल्याने पावसाळ्यात माणसे व टपाल अडते, हे खरे आहे काय, असल्यास पूल केव्हा होणार?

१८ जुलै, गुरुवार
प्रश्न स्वीकारला गेला. द.राव लिहितात, "सर, तुमचा मसुदा एका अक्षरानेही बदलला नाही." सुखावलो. सुखावयास नको होते.

३० जुलै, मंगळवार
काल बांधकाममंत्र्यांनी उत्तर दिले. वर्तमानपत्रात चार ओळी, बाकी द.रावांनी ट्रंक कॉलवर सांगितले. शेजारच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, रोग्यांच्या देखत, टेलिफोनची नळी कानास लावून ऐकले.
मंत्र्यांचे म्हणणे असे. टपाल हा दिल्लीचा विषय. तरीही माहिती मागवली. निळखेड्यास पावसाळ्यातही आठवड्याचे सहा दिवस टपाल पोहोचते. ज्या वाटेने टपाल रोज जाते ती वाट बंद म्हणता येत नाही. सबब पुलाची निकड नाही.
म्हणजे स्वतः न पाहिलेली नदी, स्वतःच्या अखत्यारीत नसलेल्या खात्याच्या वहीवरून, या गृहस्थांनी कोरडी ठरवली! जे सिद्ध करावयाचे तेच पुरावा म्हणून पुढे केले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हे लिहिले असते तर वही परत फेकली असती.
द.रावांनी उपप्रश्न केला: एका मुलीचे पत्र आठ दिवस अडले, त्याचे काय? मंत्री हसत म्हणाले, टपालवाल्याच्या गावभेटीच्या वहीत, रविवार सोडून, त्या प्रत्येक दिवशी गावकऱ्यांच्या सह्या आहेत. त्यांत एक सही त्या मुलीच्या वडिलांचीच आहे. "सन्माननीय सदस्यांना बापापेक्षा जास्त ठाऊक दिसते." सभागृहात हशा.
मग द.रावांनी विचारले, "सर, हे तुम्हाला माहीत होतं का?"
नव्हते.

३१ जुलै, बुधवार
दिवसभर मंत्र्यांचे उत्तर खोडत बसलो. सौ. म्हणाली, "मंत्र्यांना तुमचं तर्कशास्त्र येत असतं तर ते मंत्री कशाला झाले असते? मास्तर झाले असते." आणि पिठले वाढले.
बनावट सह्या असणार. रहीमला निरोप धाडला आहे.

२ ऑगस्ट, शुक्रवार
रहीम आला. मी सरळ विचारले, वहीत सही तुमची?
"हौ सरजी. माझीच हाय."
नदी तेव्हा वाहत होती?
"छातीच्या वर."
मग?
मग जे कळले ते येथे क्रमाने लिहितो. टपाल किसन वाटतो. तो खात्याचा कायम नोकर नाही. गावभेटीची सही वहीत नसली की त्याचा दिवस भरत नाही. चार दिवस नसली की दुसरा माणूस नेमतात. मागे एकदा सहीसाठी पाण्यात उतरला आणि अर्धा मैल खाली बाभळीस अडकलेला सापडला. तेव्हापासून गावाने ठरवले. पूर असला की किसन थैली अलीकडच्या मारुतीपाशी ठेवतो. पूर येण्याआधीच गाव वहीत पुढच्या दिवसांच्या सह्या करून ठेवते. पाणी उतरले, किंवा कोणी गूळ करायची काहील होडीसारखी पाण्यात घालून अलीकडे आला, की थैली गावात जाते.
मी म्हणालो, रहीमभाई, तुम्ही स्वतःच्या मुलीविरुद्ध पुरावा लिहून दिलात.
"तवा कुठं ठाव होतं सरजी, पोरीचं पत्तर त्याच थैलीत हाय म्हून? आन ठाव असतं तरी..." टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माणूस पाण्यात घालायचा का एका सहीसाठी?"
माझा संताप मंत्र्यावर होता, आहे आणि राहील. परंतु तो ज्या वहीतून वाचत होता ती वही खोटी होती, आणि ती निळखेड्यातील सर्वांत भल्या माणसांनी खोटी केली होती. प्रश्न आम्हीच विचारला. उत्तरही आम्हीच त्याच्या हाती दिले होते. याला हेत्वाभास म्हणत नाहीत. याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही.

५ ऑगस्ट, सोमवार
द.रावांची तार. सह्या आगाऊ घेतल्याचे लेखी निवेदन हवे. शुक्रवारी सभागृहात मांडतील. मुख्याध्यापिकाबाईही तेच निवेदन दाखला म्हणून धरतील, आज पुन्हा विचारून आलो. एका कागदाने मंत्र्याचे उत्तर पडते आणि मुलीची मुलाखत होते.
त्याच कागदाने किसनही जातो.

६ ऑगस्ट, मंगळवार
रहीम किसनलाच घेऊन आला. काटकुळा, खाकी सदरा खांद्यावर विरलेला, पायांत वहाण नाही. सौ.ने चहा दिला. तो बशीत ओतून उभ्यानेच प्याला. निवेदन मी कालच सुवाच्य लिहून ठेवले होते. त्याने ते ओळीवर बोट ठेवून वाचले. टपाल वाटणारा माणूस. वाचतो सावकाश, पण काही सोडत नाही.
रहीम म्हणाला, "किसन्या, तुझ्यावर जबरी नाय बरं का. पोरगी माझी हाय."
"तुझी हाय म्हूनच तर आलो ना. तिचं पत्तर म्याच ठिवलं मारुतीपाशी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, ह्या कागदानं पूल व्हईल का?"
आयुष्यभर पुराव्यावाचून विधान केले नाही. होईल म्हणवले नाही. होणार नाही असेही म्हणवले नाही. मुलीची मुलाखत नक्की होईल, एवढेच म्हणालो.
त्याने कागद उचलला. घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. "सह्या गावानं दिल्यात, म्या येकट्यानं न्हाय घेतल्या. गावाला इचारतो. समदे व्हय म्हनले तर समद्यांच्या घालून आनतो."
निघताना रहीमने त्याला डोक्यावरून पोते पांघरायला दिले; स्वतः कागदाची वाट पाहत येथेच राहिला.

७ ऑगस्ट, बुधवार
मुंबईचे टपाल उद्या सकाळी दहाला निघते; कागद त्यात पडला तरच शुक्रवारी पोहोचेल. रहीमने धंद्याच्या गाठी येथेच ठेवल्या आहेत. ओट्यावर बसून बिडकीनवरून येणाऱ्या पैठणच्या रस्त्याकडे पाहतो. तो कालपासून घरी गेलेला नाही. जाता येत नाही. रात्रीपासून पावसाचा जोर आहे, आणि बिडकीनहून आलेल्या गाडीचा कंडक्टर सांगतो, नदीने मारुतीच्या पायऱ्या घेतल्या.
किसन कागदासह पलीकडे, गावात अडकला आहे. वहीत आजची सही असणारच.