मुका फेरा

१२ जानेवारी, गुरुवार

माझं चित्र म्हणजे भाषण आहे म्हणे.

शब्द न् शब्द लिहून ठेवते. उद्या राग निवळला तरी शब्द निवळायला नकोत.

आज वाचनालयाच्या तळघरात मुका फेरा होता. आमच्या गुरुवार मंडळाची जुनी रीत – चित्रं बिननावाची भिंतीला लावायची. नाव पाठीमागे, त्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. बाकीच्यांनी बोलायचं आणि ज्याचं चित्र त्यानं कॉफी येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कामगार संघटनेची म्हणून मिलच्या फाटकावर तीस वर्षं मी हजार-हजार माणसांपुढे बोलले, आणि इथं मूठभर हौशी लोकांत मूग गिळून बसायचं.

मी माझ्या नवऱ्याच्या, ओन्नीच्या, हातमोज्यांचं चित्र लावलं होतं. निळी छाप. कागदाला औषध फासायचं, वर वस्तू ठेवायची, उन्हात धरायचं, धुवायचं – वस्तूची जागा पांढरी राहते, बाकी सगळं निळं. माझी मैत्रीण लेम्पी, तिनंच शिकवलं. आमच्या थंडर बे गावचं जानेवारीतलं ऊन म्हणजे पाणी घातलेलं ताक. पाऊण तास खिडकीत कागद धरून बसले. ओन्नीला जाऊन चार वर्षं झाली. त्याच्या अंगठ्याजवळचं भोकसुद्धा उमटलं.

आणि डॉक्टर थॉर्नली – आयुष्यभर गावाचे दात उपटले, आता सरोवराची तेलचित्रं काढतात, प्रत्येकात एक पक्षी – चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "कष्टकऱ्याचे हातमोजे पुढे केले की कोण काय बोलणार? सगळे माना खाली घालणार. हे चित्र नाही, भाषण आहे." दोघंतिघं हसले. ते कुणाचे हातमोजे, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं.

लेम्पी हसली नाही. डाव्या हातानं कॉफी ओतत होती. बशीत सांडली.

१३ जानेवारी

निवळला नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

नोरीन – ग्रंथपाल आणि आमच्या मंडळाची पंच – म्हणाली, "आयलीबाई, ते सगळ्यांनाच असं बोलतात. माझ्या गालिच्याला पायपुसणं म्हणाले होते."

"मग तू काय केलंस?"

"दाराशी टाकला. छान दिसतो."

अशा माणसांच्या जिवावरच जुलमी लोक म्हातारे होतात. पुस्तकांत राहून पुस्तकांतलं काही न घेतलेली बाई. इतिहासात अपमान गिळणाऱ्यांचं एकही पान नाही, हे तिच्याच कपाटांतून मी वाचलं आहे.

५ मेला वसंत प्रदर्शन. त्या दिवशी मुका फेरा सगळ्या गावापुढे होतो. नियम त्यांनाही लागू – त्यांचं चित्र, माझं तोंड, आणि त्यांनी गप्प बसायचं. तीन महिने आहेत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

कॉफीच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या. वसंत प्रदर्शनाला कुणीही आपलं नेहमीचं माध्यम वापरायचं नाही. चिठ्ठीत येईल ते. कुणाला काय आलं हे गुपित. मला चिकणमाती आली. सहाच चिठ्ठ्या होत्या, कारण डबा पुढे आला की लेम्पी मान हलवते. गेल्याच्या आधीच्या शरद ऋतूत तिला अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. त्याआधी मंडळात खरी चित्रकार ती एकच होती. तिच्या जलरंगातलं बर्फ बघून स्वेटर चढवावासा वाटायचा. आता येते, कोपऱ्यात बसते, कॉफी ओतते.

"डाव्या हातानं काढून बघ की गं," मी म्हटलं.

"डाव्या हातानं मला बटण लागत नाही, आयली."

"मग बटण नको काढूस. मला काढ."

हसली. वर्षभरात पहिल्यांदा.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

वेलदोड्याचा पाव घेऊन लेम्पीकडे गेले, तर फाटकाशी थॉर्नलीची हिरवी गाडी. मागे फिरले. पाव रस्त्यात चालता चालता एकटीनं अर्धा संपवला.

२८ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा गाडी. लेम्पीला फोनवर विचारलं, आज कोण आलं होतं का. म्हणाली, "कोण येणार?"

चाळीस वर्षांची मैत्रीण माझ्याशी खोटं बोलली. त्या माणसानं आधी माझा नवरा हसण्यावारी नेला, आता ही.

८ मार्च, गुरुवार

हातमोज्यांचं चित्र वाचनालयाच्या खिडकीत ठेवलं होतं, ते उन्हानं फिकुटलं. लेम्पी म्हणाली, "कपाटात अंधारात ठेव थोडे दिवस. निळा परत येतो." मी म्हटलं, "तुला बरंच ठाऊक असतं, बरंच लपवताही येतं." मी कोट चढवला.

१७ मार्च

निळा परत आला खरा. तिला सांगितलं नाही.

१२ एप्रिल, गुरुवार

सापडलं.

थॉर्नलीच्या शर्टाच्या बाहीला काळं. कोळसा. कोट काढताना मी नीट पाहिलं – मनगटापासून बोटभर काळी भुकटी. म्हणजे त्यांना चिठ्ठीत कोळशाची कांडी आली. ५ मेला भिंतीवर कोळशाचं जे असेल ते त्यांचं.

आजपासून भाषण तयार करते. भाषण म्हणतात ना माझ्या चित्राला? खरं भाषण काय असतं ते ऐकवते.

१९ एप्रिल

माझ्या मातीच्या मांजराला भट्टीत तडा गेला. जाऊ दे. मला मांजराची पडलेली नाही.

२९ एप्रिल, रविवार

बर्फ फुटलं. किनाऱ्यावर धान्याच्या कोठारांपाशी उभं राहून भाषण तीनदा म्हटलं. वारा समोरून. ग्रीक वक्ते म्हणे तोंडात खडे धरून समुद्राशी बोलायचे. मला खड्यांची गरज नाही, दातांचा वैद्य पुरे आहे.

५ मे, शनिवार

झालं. जिंकले.

सभागृह भरलं होतं. मिलमधले जुने सोबतीसुद्धा आले होते. भिंतीवर सात चित्रंबित्रं होती. मला एकच दिसत होतं. कोळशाचं. आणि त्यात मी होते.

तोंड वासलेली बाई. मूठ वर. मानेच्या शिरा ताणलेल्या, एक डोळा दुसऱ्याच्या बोटभर वर. रेघा वाकड्या, थरथरत्या, काही ठिकाणी कागद फाटेस्तोवर दाबलेल्या. माझी टिंगल. जानेवारीत शब्दांनी केली, आता सगळ्या गावापुढे कोळशानं.

लिहून पाठ केलेलं भाषण बाजूला पडलं. जे आलं ते बोलले.

"मंडळी, ही रेघ बघा," मी म्हटलं. "मी तीस वर्षं हातांकडे बघत आले आहे. कामानं वाकलेला हात मला ओळखता येतो. हा तसला नाही. हा हात वयानं थरथरत नाही, खोटेपणानं थरथरतो. याला जिचं चित्र काढायचं तिच्याकडे बघायची हिंमत नाही. लहान मूल मुठीत कोळसा धरून भिंत खराब करतं, पण त्या मुलाला निदान आनंद होत असतो. इथं तोही नाही. असा हात ज्याचा असेल त्यानं पुन्हा कागदाला शिवू नये. कागदानं त्याचं काही बिघडवलेलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "वा, आयली, मिल परत उघडली वाटतं." हशा. टाळ्या. मी थॉर्नलींकडे पाहत होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल. उठले. कॉफी यायची होती, तरी ते उठले. पस्तीस वर्षांत मंडळात कुणी हा नियम मोडलेला नाही.

"ते माझं आहे," म्हणाले. "बाईंचं बरोबर आहे. पुढचं घ्या."

नोरीनच्या हातात नावांची यादी होती. तिनं यादीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि कागदाची घडी करून खिशात घातली. बावळट आहे.

कॉफीला लेम्पीला शोधलं. तिनं तरी बघायला हवं होतं, तिचा मंगळवारचा पाहुणा कसा आडवा झाला ते. कोपऱ्यात नव्हती. कॉफी कुणी ओतलीच नाही, आपापली घ्यावी लागली. लिनो कोरून काढलेल्या एका छापचित्राला – सरोवर, वर पक्षी – कुणी वाली निघाला नाही. नोरीन म्हणाली, पाहुण्याचं असेल.

कोट घेताना थॉर्नली शेजारी आले. मला वाटलं, माफी मागतील.

"थांबायचं कुठं ते तुम्हाला कधीच कळलं नाही, आयलीबाई."

"तुम्ही शिकवा."

"मी दुसऱ्या कुणाला तरी शिकवत होतो," म्हणाले, आणि गेले. हरलेल्या माणसाला शेवटचा शब्द हवाच असतो.

चित्र भिंतीवरच सोडून गेले. मी गुंडाळून घरी आणलं. लुटीचा माल.

७ मे, सोमवार

लेम्पी फोन उचलत नाही.

९ मे, बुधवार

नाहीच उचलत. तिकडं गेले होते. पडदे ओढलेले. फाटकाशी गाडी नव्हती. त्याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१० मे, गुरुवार

मंडळात ती नाही, थॉर्नलीही नाहीत. नोरीन माझ्याशी फक्त पुस्तकं परत करण्याबद्दल बोलली. विजयाची चव अशीच असते, लोकांना पचायला वेळ लागतो. शनिवारी सौना – वाफेची न्हाणी – पेटवीन तेव्हा ते चित्र चुलीत घालीन. आधी पाठीमागची पट्टी सोलीन. त्यांचं नाव जळताना मला बघायचं आहे.

१२ मे, शनिवार

पट्टी सोलली. मोठी, वाकडी अक्षरं, ओळ उतरत गेलेली –

'लेम्पी. डाव्या हातानं, पहिलं. आयलीचं. मिलच्या फाटकावर बोलायची तशी, मला सर्वांत सुंदर दिसायची तेव्हाची.'

सौनाची चूल विझवली. तिच्याकडे निघाले आहे, चालत. काही तयार केलेलं नाही.