गोटू पुढच्या ट्रॉलीत

धूलकोट, १४ एप्रिल २०२५

ती. वंदनाताईस निरंजनचा शि. सा. न.

टॉवर जळाला, फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी कडूच्या जीपमधून पाठवतोय. सोबत आगीत होरपळलेल्या शेळ्या आहेत. तुझ्या अंगणात ठेव आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलाव.

डोंगरावरचा वणवा काल आपल्या वस्तीपर्यंत उतरला. मथुरामावशी काही केल्या ट्रॅक्टरवर चढेना. तिचा कुत्रा गोटू दिसत नव्हता आणि त्याला टाकून ती हलेना. मागे केळीची सुकी पानं पेटलेली. शेवटी मी थाप मारली, की गोटू पुढच्या ट्रॉलीत बसलाय. मग मुकाट्याने चढली. तू असतीस तर हेच केलं असतंस.

सगळ्यांना माझ्या शाळेत आणलंय. तिथे उतरल्यावर तिने प्रत्येक ट्रॉली वाकून पाहिली. मी पाणी वाटून येतो तर मावशी गायब. लोक सांगतात, वस्तीकडे परत चालत गेली. हाका मारून घसा बसला, ताई. मला काही सुचत नाहीये.

माया पातळ करू नकोस.
तुझा निरंजन

सिंधीपुरा, १४ एप्रिल

चि. निरंजन यास वंदनाचे अ. उ. आ.

चिठ्ठी वाचून मी पायरीवरच बसले. नाही रे, मी हे केलं नसतं. लहानपणी थाप मारलीस की तुझे कान लाल व्हायचे. मावशीला या वेळी ते कसे दिसले नाहीत?

आता पुढचं ऐक. जीपमध्ये शेळ्यांमागे गोणपाटाखाली एक कुत्रा होता. नाल्याजवळ पडलेला दिसला म्हणून कडूने वाटेत उचलला. काजळीने काळा झालेला, पण उजवा कान गोटूसारखाच फाटका. गोटू म्हणताच शेपूट हलली. डॉक्टरांनी भाजलेल्या पंजांना पट्ट्या बांधल्या आणि त्याला हलवू नका म्हणाले. तरी याच जीपने पाठवतेय. मावशी तुझ्या हाकेला ओ देणार नाही, त्याच्या भुंकण्याला देईल.

शेळ्यांना माझी मृणाल भरवतेय, ती काळजी सोड.
रागावलेली, तरी तुझीच,
ताई

धूलकोट, १७ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

मावशी सापडली. गोटूला उचलून राखेतून हिंडलो. तो भुंकला, तशी ती विहिरीच्या आडून सरपटत बाहेर आली. तळपाय पोळलेत. त्याला छातीशी धरून ती रडली, मी बाजूला उभा राहून रडलो. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

काल वारा फिरला आणि आग पलीकडच्या पाड्याकडे निघाली. मी ट्रॉल्या घेऊन गेलो, तर एकही माणूस चढेना. मास्तर, पहले आमची जनावरं दाखवा, म्हणतात. वाटेत गोळा करून मागच्या ट्रॉलीत घातली आहेत म्हणून शपथ घेतली, तरी कुणी हललं नाही. ज्यांची पोरं मी शिकवली तेच लोक, ताई. गोटूची थाप त्यांच्याही कानावर गेली होती.

मावशी हट्टाने सोबत आली होती. पट्ट्या बांधलेल्या पायांनी उतरली, मागच्या ट्रॉलीतलं एकेक जनावर पाहून आली आणि सगळी आहेत, चढा, एवढंच म्हणाली. सगळे चढले.

परतताना, त्या थापेनंतर पहिल्यांदा, ती माझ्याशी बोलली. गोटू सापडत नाही, सकाळी दोघं मिळून शोधू, एवढं खरं सांगितलं असतंस तरी मी बसले असते, म्हणाली.

मला हे सुचलंच नव्हतं. तुझी माया उरली असेल तर कळव.
निरंजन