बाहेरून मारलेली गाठ

६ जानेवारी, मंगळवार

वही कोणीतरी उसवली आहे! आणि पुन्हा शिवली आहे — म्हणजे लपवायचे होते.

नववीत शाळा सुटल्यापासून मी आप्पासोंच्या बाइंडिंगच्या दुकानात आहे. माझी गाठ नेहमी आतल्या बाजूला असते. ही बाहेर आहे. दोराही पांढरा. मी हिरवा वापरला होता.

वहीत माझी पहिली विज्ञानकथा आहे. पंचगंगेचा पूर, सन २१४०. शनिवारी चहाला भेटणाऱ्या आम्हा चौघांत ती फिरत होती. आमचा नियम — वाचून झाले की पहिल्या पानावर सही आणि तारीख. प्राचीची आहे, सम्मेदची आहे. विश्वजितची नाही. वही मात्र महिनाभर त्याच्याकडेच होती. आज सम्मेदच्या हाती परत पाठवली. स्वतः का आला नाही?

वही उसवतात कशाला? पाने सुटी करून झेरॉक्स काढायला. दुसरे कारण मला सुचत नाही.

७ जानेवारी

वही आता उघडायची नाही. पुरावा आहे. प्लास्टिकमध्ये गुंडाळली, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, ट्रंकेत तळाशी ठेवली. जरा फुगल्यासारखी वाटली. झेरॉक्सच्या मशीनवर दाबली असणार.

१० जानेवारी, शनिवार

चहाच्या गाड्यावर चौघेही होतो. विश्वजित शेजारी येऊन बसला. कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतो, बी.एस्सी. आहे. वहीला टाका कसा घालायचा हे त्याला दिवाळीत मीच शिकवले. मीच!

"वही पोचली न्हवं?"

"पोचली."

"मग?"

"मग काय?"

"काय न्हाय." कान लाल झाले त्याचे. उगाच होतात का?

सम्मेद म्हणाला, "काय रं, लग्नाची बोलणी चाललीती काय तुमची? आमी उठू का?"

हसलो नाही.

१३ जानेवारी

विश्वजितचा फोन आला. उचलला नाही.

१७ जानेवारी, शनिवार

विज्ञानकथा संमेलनाच्या पत्रिका पिना मारायला आमच्याच दुकानात आल्या. पान चार. रविवार, सकाळी अकरा, नवोदितांचे कथावाचन. तिसरे नाव विश्वजितचे. कथा — 'पूर ओसरल्यावर'.

पूर!

आम्हा तिघांना त्याने एका शब्दाने सांगितले नव्हते.

तीनशे पत्रिकांना पिना मारल्या. एकही वाकडी नाही. आप्पासो म्हणाले, "आज लईच गप्प हाईस. दात दुखतुय व्हय?"

संध्याकाळी चहाला गेलो नाही.

२४ जानेवारी, शनिवार

संमेलनाचा पहिला दिवस. नोंदणीच्या अर्जात 'शिक्षण' असा रकाना. मी मोकळा सोडला. टेबलावरच्या बाईंनी न विचारता तिथे आडवी रेघ मारली.

एवढी पुस्तकवेडी माणसे मी एका छताखाली कधी पाहिली नव्हती. एक गृहस्थ डोक्यावर चंदेरी कागदाचे शिरस्त्राण घालून आले होते. सम्मेद त्यांना म्हणाला, "पावणं, कुठल्या ग्रहावरनं? त्यातनं मिसळ खायाची कशी?" ते म्हणाले, "इचलकरंजी. आणि मिसळ आली की काढतो की!" अख्खी रांग हसली. मीही. मग आठवले आणि थांबलो.

विश्वजितने आमच्यासाठी जागा धरल्या होत्या. माझ्या खुर्चीवर स्वतःचा रुमाल टाकला होता. एवढी माया कशासाठी? मी मागे जाऊन बसलो.

उद्या काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले आहे. दोन वाक्ये. तीनदा तपासली.

२५ जानेवारी, रविवार

झाले.

त्याचे नाव पुकारले. तो माईकपाशी गेला, चष्मा पुसला, मला शोधू लागला. मी उभा राहिलो. "ही कथा कुणाची आहे ते आधी यांना विचारा. माझी वही उसवून यांनी ती चोरली आहे." आवाज माझा मलाच परका वाटला.

अध्यक्ष चुळबुळले, म्हणाले, "आपण हे नंतर —" विश्वजित माझ्याकडे बघत राहिला. वाटले, भांडेल. त्याने एवढेच विचारले, "तू वाचलीस न्हवं?" मी म्हणालो, "लिहिली आहे मी!" त्याने कागदांची घडी घातली, खिशात ठेवली, आणि बाजूच्या दाराने निघून गेला. भांडला नाही. चोर भांडतच नाहीत.

प्राची चिडली होती. "वाचू तर द्यायचं हुतंस की! ऐकल्याबिगर कसं कळलं तुला?"

"गाठीवरून."

"कसली गाठ?"

सम्मेदने गाडी काढली आणि तो एकटाच गेला.

उद्या दुकान बंद. प्राचीला वही नेऊन दाखवणार.

२६ जानेवारी, सोमवार

चिकटपट्टी काढली. माझी कथा संपते तिथे आठ पाने जास्तीची शिवली आहेत. अक्षर विश्वजितचे. 'पूर ओसरल्यावर' — मंगळावरून परत आलेली बाई आपल्या घरातला चिखल उपसते. माझे एक वाक्यही त्यात नाही.

शेवटी लिहिले आहे — "आदर्श, संमेलनात वाचायच्या आधी फक्त तुला दाखवतोय. चुका दिसतील तिथे लाल पेनाने खुणा कर. नको वाटली तर सांग, नाव मागे घेतो. काही बोलला नाहीस तर बरी आहे असे समजून वाचेन. तुझी सही इथे झाली की मग माझी तुझ्या कथेवर."

एकोणीस दिवस मी काही बोललो नव्हतो.

खाली सहीसाठी रेघ आहे. पट्टीने मारलेली.