ज्येष्ठमध आणि आटलेले बूट

ताई,

साष्टांग नमस्कार. आठही अंगांनी केला आहे, पण त्यातला मोठा वाटा तुझ्या पायांना पोचू दे. त्यांच्याविषयी पुढे लिहीन. नमस्कारामागून 'विनंती विशेष' लिहायचं असतं. तर विनंती आहे आणि विशेषच आहे, पण ती शेवटी. तुला काही सांगायचं म्हटलं की मला आधी बराच वेळ इकडेतिकडे फिरावं लागतं. तुझी तब्येत कशी आहे? (खरं उत्तर दे. 'मला काय धाड भरली आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही.)

तुला आठवतं का, शाळेतून आल्यावर आपण मागच्या पायरीवर बसून मोजे धूत असू? साबणाचं पाणी पायरीवरून हळूहळू उतरायचं, त्यात ऊन हलायचं, आणि मी मोजा हातात धरून ते बघत बसायची. म्हणून तर तू मला पेंगुळ म्हणायला लागलीस. तुझ्या दातांत मात्र घशासाठी नेहमी एक पिवळसर काडी असायची, कारण प्रार्थनेत तुझा आवाज सगळ्यांच्या पुढे. एकदा मी तिचा चावा मागितला, तर तू डोळेसुद्धा न उघडता म्हणालीस, "याचं नावच ज्येष्ठमध. ज्येष्ठांसाठी असतं. तू कनिष्ठ." आपल्या कॉन्व्हेंटात मराठीचा तास म्हणजे बाकीचं सगळं उरकलं तर; त्यामुळे मला ते अगदी पटलं. दुसऱ्या दिवशी मी काष्ठौषधीच्या दुकानात गेले आणि कनिष्ठमध मागितलं. दुकानदार गंभीरपणे म्हणाला, "संपलं बाळ." (भला माणूस.) मी पुढे कितीतरी दिवस ते परत येण्याची वाट पाहत होते.

म्हणून मध्यंतरी फोनवर थकव्याचं रडगाणं गायले आणि तू म्हणालीस, "ज्येष्ठमध घे, मीही रोज काढा घेते, सकाळ-संध्याकाळ," तेव्हा मला ते औषध वाटलंच नाही, बढती वाटली. थकवा तरी कसा, तर केस विंचरायला घ्यावेत आणि भांगापर्यंत पोचता पोचता हात मांडीवर येऊन पडावा. ग्रंथालयात फाटकी पुस्तकं सांधायला बसते त्या टेबलावर दुपारचं ऊन येतं, चिंचोक्याच्या खळीचा वास येतो, आणि नकाशांच्या पुस्तकावर गाल टेकून मी कुठल्या कुठे जाते. जाग येते तेव्हा गालावर एखादी नदी उमटलेली असते. मग मी काढा सुरू केला. गोड, मातकट, थेट त्या मागच्या पायरीच्या चवीचा. पहिला घोट घेतला आणि खरं सांगते, साबणाचा फेस दिसला. मग काय, मी बरणीच भरून टेबलावर ठेवू लागले, खळीच्या पाण्याच्या बरणीशेजारी. दोन्ही बरण्या लोणच्याच्या, दोन्हीतलं पाणी तपकिरी, आणि मधे मी, अर्धी झोपेत. पुढचं तुला कळलंच असेल.

पुस्तकं सुबक सांधली गेली. फक्त शब्दकोशाच्या पाठीकडे मुंग्यांची रांग लागली, तिथून ती नकाशांकडे वळली. ग्रंथपालबाई चष्मा वर करून रांगेवर वाकल्या आणि म्हणाल्या, "वाचक वाढलेत म्हणायचे." मी सगळी पुस्तकं पुन्हा उसवली. (ज्या बरणीतून मी ताकद यावी म्हणून आठवडाभर पीत होते, ती कुठली, हे मी त्यांना विचारू दिलं नाही.)

पण काढाही पोटात भरपूर गेला होता. थकवा तसाच, वर डोकं जड, आणि संध्याकाळी मोज्याची कड पायावर छापलेली. डॉक्टरीणबाईंनी (माझ्या लेकीपेक्षा लहान, पण आवाज थेट आपल्या मुख्याध्यापिका सिस्टरचा) नडगीवर अंगठा दाबला. ओल्या पुठ्ठ्यावर राहावा तसा खळगा राहिला. मग दंडाला पट्टा बांधला आणि त्यांच्या भुवया पाऱ्यासारख्या चढल्या. ज्येष्ठमध असं रोज पोटभर घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, रक्तदाब वाढतो, स्नायू उलट ढिले पडतात, म्हणाल्या. "कुणी सांगितलं घ्यायला?" सिस्टरने, मी म्हटलं. त्यांना वाटलं, दवाखान्यातल्या. उगाच त्या बिचारीला आत बोलावलं. काढा बंद केला, पायांची सूज उतरली. थकव्याचं मूळ रक्ततपासणीत सापडलं: थायरॉईड सुस्तावला आहे. म्हणजे माझ्या आत आणखी एक पेंगुळ बसली आहे. तिला उठवायला रोज एक इवलीशी गोळी मिळाली आहे. काल मी सबंध वेणी एका दमात घातली.

तुझी,
पेंगुळ

ता. क. आता विनंती. त्याच फोनवर तू म्हणाली होतीस की कपाटाच्या दमटपणाने तुझे सगळे बूट आटले. ताई, कातडी बूट कपाटात बसून आटत नाहीत. तुझे पाय सुजले आहेत. आयुष्यात एकाही सिस्टरला उलट उत्तर दिलं नाही, ना झग्यातल्या, ना घरातल्या, म्हणून हे एवढंसं सांगायला एवढं लांब पत्र लागलं. काढा आजपासून बंद कर आणि आजच दंडाला पट्टा बांधून घे.

ता. क. दुसरा. 'बघू गं पुढच्या आठवड्यात' असं तू म्हणशील. म्हणून हे पत्र तुझ्या सूनबाईच्या नावे पाठवलं आहे. तुझ्या हातात देऊन ती आत्ता पर्स घेऊन दाराशी उभी असेल. दवाखान्यातली वेळ मी घेऊन ठेवली आहे. जी चप्पल चढेल ती घाल आणि निघ.

ता. क. शेवटचा. बूट कुणाकुणाला देऊ, असं तू विचारलं होतंस. तर ज्येष्ठमधाची बरणी माझ्याकडे धाड; मी ती ज्येष्ठ झाले तरी उघडणार नाही. त्यातली एकच काडी तुझ्या खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंना दे, घसा बसला तर चघळायला. मरून रंगाचे बूट सूनबाईला द्यायचे नाहीत. काळे बूट तुझ्या शिंपीणबाईंना द्यायचे नाहीत. दोन्ही जोड तुलाच. पुसून ठेव, पाय उतरतील.