दट्ट्याचं पेन

गुरुजी,

कर्र, कर्र, कर्र. तुमच्या पेनाचं शेपूट फिरायचं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सुरतजवळच्या उधन्याच्या आपल्या मराठी शाळेत शेजारच्या यंत्रमागांची खडखड दिवसभर भिंतीतून यायची. पण कवितेच्या तासाआधी तुम्ही टेबलावर दौत ठेवून पेन भरायला लागलात की आम्हाला तेवढंच ऐकू येई. शेपूट एकीकडे फिरवलं की आतला दट्ट्या खाली, निब शाईत बुडवून उलट फिरवलं की दट्ट्या वर, आणि त्याच्यामागे शाई. मग थोडे थेंब परत दौतीत सोडायचे, जुन्या धोतराच्या चिंधीनं निब टिपायची. पेन वर धरून तुम्ही म्हणायचात, "माझ्या सगळ्या कविता या पेनानं लिहिल्यात." आणि तापीची कविता सुरू व्हायची. लग्न होऊन सुरतेला आलेली खानदेशातली पोर तापीत हंडा बुडवते आणि पाण्याला विचारते, तू माझ्या आईच्या घाटावरूनच आलीस ना, ती बरी आहे ना? मी बाकावर डोळे पुसत असे. पुरुषाला हे कसं सुचतं, याचं मला केवढं नवल वाटायचं!

शाळा संपली तेव्हा ते पेन तुम्ही मला दिलंत. तुमच्या स्वयंपाकघरात, पाटावर बसवून. काकूंनी चहाचा कप डाव्या हातानं पुढे केला आणि तुम्ही खेकसलात, "डावा हात कसाले? पोरगं काय म्हनी?" "चुकनं," म्हणत त्यांनी कप उजव्या हातात घेतला, तेवढ्यात थोडा चहा सांडलाच. त्यांच्या डाव्या तळव्याची कड निळी होती. मी बघतोय हे पाहून तुम्हीच म्हणालात, "कपड्यांना नीळ देत होती." मी मान डोलावली. काकू चुलीकडे वळल्या. मग तुम्ही पेन माझ्या हातात ठेवून बजावलंत, कोमट पाण्यानंच धुवायचं, शाई भरून नुसतं पडू द्यायचं नाही, टोपण न लावता उठायचं नाही, निब वाळते. "आणि दुसऱ्या कुणाला लिहायला द्यायचं नाही. निब एका हाताला वळलेली असते."

तेव्हा मीही कविता करायचो. त्या पेनानं लिहायला बसलो तर ते कागद खरवडायचं. शब्द अर्ध्यात तुटायचा, शाई थांबायची. तुम्हाला दाखवलं, तर तुम्ही क्षणभर पेनाकडे बघितलंत आणि म्हणालात, "पेन तेच, शाई तीच. मग खोट कुठं असेल? कवितेचा हात वेगळा असतो, बाळ." तुम्ही म्हणालात म्हणजे ते खरंच असणार. मी कविता सोडली. बमरोलीच्या एका प्रोसेस हाउसात, कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉलपेननं मालाची चलानं लिहिण्यात माझी सगळी नोकरी सरली. पण तुमच्या पेनाची सेवा कधी चुकवली नाही. दट्ट्या जड झाला की काडीच्या टोकानं किंचित ग्रीस लावलं, निब सुती कपड्यात कोरडी केली, आणि घरात कुणालाही हात लावू दिला नाही.

येत्या रविवारी ते शाळेच्या काचेच्या कपाटात जायचंय. आम्हा जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलंय. खाली पाटी असणार, 'गुरुजींनी याच पेनाने कविता लिहिल्या.' भाषण मी करायचं. त्यासाठी काल पेन धुऊन, भरून टेबलावर ठेवलं होतं. सूनबाईला फोन आला, कुणाचा तरी नंबर लिहून घ्यायचा होता, तिनं समोरचं पेन उचललं. "ठेव ते!" मी ओरडलो, अगदी तुमच्यासारखा. तोवर नंबर लिहून झालाही होता.

"पप्पा, आ तो एकदम मस्त चाले छे! लोण्यासारखं. अन् तुम्ही म्हणता खरवडतं?"

सूनबाई डावखुरी आहे, गुरुजी.

भिंग घेऊन खिडकीशी बसलो. निबीच्या टोकाची जुनी, गुळगुळीत झीज ज्या अंगाला आहे, ते अंग माझ्या हातात कागदाला कधी टेकलंच नाही. तुमच्याही हातात टेकलं नसणार. तुम्ही उजव्या हातानं फळ्यावर लिहायचात. आणि डावा हात लिहीत पुढे सरकतो तो ओल्या शाईवरून. तळव्याची कड निळी होते. नीळ दिली तर दोन्ही हात निळे होतात, गुरुजी. एवढं साधं मला तेव्हा कळलं नाही.

तुम्ही काकूंच्या कविता स्वतःच्या म्हणून म्हटल्यात. वर त्यांचं पेनही माझ्या हातात दिलंत, त्यांच्यादेखत. त्यांनी त्यानंतर कशानं लिहिलं? लिहिलं का? आणि ते पेन का खरवडतं हे ठाऊक असून खोट माझ्या हातात आहे म्हणालात. मी आयुष्यभर या हाताकडे संशयानं बघत आलो. कुणाला देऊ नकोस हेही का सांगितलंत, ते आता कळतंय. रविवारी त्या पाटीखाली उभं राहून मी काय बोलू? काकू असत्या तर विचारलं असतं. तुमच्यानंतर त्या गावी गेल्या, पुढे काही कळलं नाही. त्याही गेल्या असतील असंच मी धरून चाललोय.

हे पत्रही त्याच पेनानं लिहितोय, खरवडत. ते कुठे पोचायचं नाही, म्हणूनच एक कबूल करतो. तापीची कविता मला अजून तुमच्याच आवाजात आठवते. काही केलं तरी दुसरा आवाज येत नाही. त्याचाच राग सगळ्यात जास्त आहे.

बेल वाजली. सूनबाई दाराशी बोलतेय. "पप्पा, एक आजी आल्यात. कोसाडला नातीकडे उतरल्यात, म्हणतात. शाळेनं रविवारचं बोलावणं पाठवलं होतं, आपला पत्ताही तिथूनच मिळाला."

आणि जाळीच्या दाराबाहेरून तो बारीक आवाज, चहा सांडला तेव्हाचा.

"माले ते पेन देखनं शे, भाऊ. कपाटमां जावाना पहिले."

उठतो, गुरुजी. टोपण लावलेलं नाही. पेन भरलेलं आहे, आणि ते मी कोऱ्या कागदाच्या डाव्या बाजूला ठेवतोय.