चरईतली मांडणी

अहो,

जिवंतपणी कधी तुमचं नाव घेतलं नाही, आता पत्रात तरी कशाला घेऊ? अक्षरावरून ओळखालच. तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण आज राहवेना. काल मी ठाण्याला जाऊन आले. चरईत. दचकलात ना? दचकाच!

मी संशयी आहे हे तुम्हीच चाळभर करून ठेवलं होतंत. "आमच्या हिला दुधात पाणी दिसतं आणि पाण्यात साप," असं चारचौघांत म्हणायचात आणि वर हसायचात. मी चिडायचे. पण आता मला सांगा, संशयाला जागा कोणी ठेवली?

तुमचे दिवस झाल्यावर शेजारचे लेले बसायला आले होते. बोलता बोलता खोलीभर नजर फिरवून म्हणाले, काय हात होता हो तुमच्या यजमानांचा! खरंच होतं ते. चहाच्या खोक्यांची मांडणी तुम्ही केलेली, खिडकीखालचं गोधड्या ठेवायचं बाकडं तुम्ही केलेलं, मोडक्या छत्र्यांच्या मुठी भिंतीत ठोकून केलेल्या खुंट्याही तुमच्याच. माझ्या विटलेल्या लुगड्याचा पडदासुद्धा तुम्हीच शिवलात, मला सुई हातात धरू दिली नाहीत. मला जरा बरं वाटत होतं. तेवढ्यात लेले म्हणाले, "शनिवारी ठाण्याला उतरायचे, तेव्हा पिशवीतून करवत डोकवायची. मी विचारलेलं एकदा. म्हणाले, चरईत जरा काम आहे."

मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अर्धा चहा टाकून उठले.

मला तर तुम्ही सांगायचात की शनिवारी कचेरीत हिशेब जुळवायला थांबावं लागतं. कचेरीत करवतीनं हिशेब जुळवतात का हो?

त्या दिवसापासून एकेक आठवायला लागलं. खोकी आणायचात दोन, घरात फळ्या दिसायच्या एकाच्या. दुसरं कुठं गेलं विचारलं तर वाळवी लागली म्हणून टाकून दिलं! आणि तो हिरवा रंग? एवढीशी मांडणी रंगवली आणि अख्खा डबा संपला. "लाकूड फार रंग पितं गं," म्हणालात. आणि मी, दूधवाल्याचं माप दोनदा तपासणारी मी, ते ऐकून घेतलं.

बाईच असणार, दुसरं काय? पोळ्या लाटताना ती डोळ्यांसमोर यायची. गोरी असेल का? माझ्याहून लहान? तिच्यासाठी फळ्या घासताना तुम्ही घरी गुणगुणायचात तसेच गुणगुणत असाल का? तुमच्या फोटोला हार घालताना हात आखडायला लागला, खोटं कशाला सांगू! रडायला बसावं तर राग येई, आणि रागवायला तुम्ही समोर नाही. धड विधवासुद्धा होऊ दिलं नाहीत मला.

शेवटी काल सासूबाईंना सांगितलं, कल्याणला बहिणीकडे जाऊन येते. आणि गेले ठाण्याला.

चरईत एका वाण्याला विचारलं, शनिवारी एक चष्मेवाले यायचे, पिशवीत करवत असायची, ते कोणाकडे? तो लगेच म्हणाला, "ते होय! पास्कलच्या घरी, चर्चच्या मागं. लई भला माणूस. माझी पण फळी ठोकून दिलेली त्यांनी." म्हणजे सगळ्या आळीला तुम्ही ठाऊक!

दार उघडंच होतं. दारातूनच स्वयंपाकघर दिसत होतं आणि भिंतीला हिरवी मांडणी. माझीच मांडणी! प्रत्येक फळीच्या कडेला उभी पट्टीसुद्धा होती. अहो, आपल्याकडे ती पट्टी लावलीत कारण खिडकीमागून मालगाडी गेली की डबे सरकत पुढे यायचे. तिथे कुठली आलीय मालगाडी? हाताची सवय गेली नाही तुमच्या.

पण पट्टीचं एक वेळ जाऊ दे. फळ्यांवर कागदाची कातरलेली झालर होती. दोन कोयऱ्या, मध्ये चिमणी, परत दोन कोयऱ्या. ती माझ्या आईची झालर! आईनं मला शिकवली आणि मी तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, ही चिमणी आहे की कोंबडी? तीच चिमणी दुसरीच्या घरात लावून आलात? तुम्ही फळ्या दिल्यात, रंग दिलात, ते मी सोसलं असतं. हे कसं सोसू?

आतून एक बाई आली. पाचवारी नेसलेली, हाताला पीठ. "कोण पाहिजे?" म्हणाली. मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तुमचं नाक, अहो! तुमची हनुवटी. हात भरलेले असले की मनगटानं केस मागं सारायची तुमची रीतसुद्धा.

तिनंच ओळखलं. "डोंबिवलीच्या वहिनी ना? मी कुसुम."

कुसुम! लग्न ठरताना तुम्ही मला सांगितलं होतंत, एक बहीण होती, तापानं गेली. ती माझ्यासमोर उभी राहून मला पाट देत होती. तिच्याच तोंडून कळलं, पास्कलशी लग्न केलं म्हणून मामंजींनी जिवंत मुलीच्या नावानं आंघोळ केली, आणि तुम्ही मला तापाची गोष्ट सांगितलीत. तुमच्या घरात मेलेलं माणूस खरंच मेलंय की नाही हे आता मी कुणाला विचारू? तुमच्यावर तरी विश्वास ठेवू का?

ती म्हणाली, "दादाच्या दहाव्याला मी आलेले, वहिनी. कचेरीतल्या माणसाकडून कळलेलं. तुमच्या चाळीच्या विहिरीपाशी उभी राहिले आणि परत गेले."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं त्यांनी?

ती म्हणाली, "दादा म्हणायचा, ती भटजींच्या घरची. कळलं तर माहेरी निघून जाईल."

निघून जाईल! हो, आहे मी भटजींच्या घरची. सोवळं पाळते. म्हणून नणंदेला जिवंतपणी मेलेली म्हणेन? इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवलात, एकदा विचारायचं तरी होतंत! तिच्या हातचा चहा मी पिऊन आलेय, कळलं? दोन कप.

घरी आले तर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कुसुम बरी आहे ना गं?"

मी दारातच थांबले.

"लेले बोलले तेव्हा मी आतच होते," त्या म्हणाल्या. "तू कल्याणला नाही जायचीस, हे मला कळलं होतं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"मीच पाठवायची त्याला. तुझे मामंजी गेल्यावर तरी तुला सांगू, असं मी म्हणायची. धीर नाही झाला गं. तुझी भीती वाटायची."

ऐकलंत? मी तुमच्यावर पाळत ठेवते असं चाळ म्हणायची, आणि या घरात दोन माणसं बोलताना माझी चाहूल घेत होती! संशयी मी, म्हणे. मला त्या मनातल्या बाईचा राग आला होता तो बरा होता, त्याला काही औषध तरी होतं. यावर काय करू? तुम्ही असतात तर महिनाभर बोलले नसते तुमच्याशी.

पण सासूबाई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या. लेक ठाण्याला, दोन घटका लांब, आणि या बाईनं तिचं तोंड पाहिलं नाही इतकी वर्षं. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही.

तेव्हा ऐका, तुम्हाला शब्द देते. या शनिवारी मी सासूबाईंना घेऊन चरईत जाणार. त्या तिथं पाणी पितील न पितील, त्यांचं त्या बघतील. भरदिवसा, चाळीच्या पुढच्या जिन्यानं उतरणार आम्ही. कुणी विचारलंच की दोघी मिळून कुठं निघालात, तर गॅलरीभर ऐकू जाईल असं सांगेन, नणंदेकडे.

तुमचीच,
इंदू